पहिल्या पानावरचं नाव

चांदे गावात खोली घेतली ती हिंजवडीतल्या कंपनीला जवळ म्हणून. मी मूळची लातूरची. इंजिनिअर ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर बनवायचे आणि तो कसा वापरायचा ते मी लिहायची. आमच्याकडे रिवाज असा, की डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर नाव इंजिनिअरचं. कंत्राटावरच्या बाईला कसलं आलंय नाव!

त्या वर्षी विषय होता मेमरी हॉटप्लगचा. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालतो. तो बंद न करता त्याला जादा मेमरी द्यायची आणि गरज सरली की काढून घ्यायची. ड्रायव्हरचे मोड दोन. एकात मेमरी बारीक तुकड्यांनी देता-घेता यायची. दुसऱ्यात मोठे ठोकळे. द्यायला झटपट, पण ठोकळ्यात काही चालू असताना तो ओढून काढला, तर मशीन जागच्या जागी गोठायचं.

घरमालकीण मावशींनी एकदा विचारलं, दिवसभर करतेस काय? त्यांना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी भाडेकरूवानीच की गं. आत घ्यायला सोपं, भाईर काढायला लई अवघड." मी पोट धरून हसले.

दुसऱ्या मोडच्या पानावर मी ठळक इशारा लिहिला: काढण्याआधी ठोकळा रिकामा आहे याची खात्री करा. मॅनेजर म्हणाले, "क्लायंटला एवढं घाबरवायचं नसतं. हे काढ." मी म्हटलं, "नाही काढणार." इंजिनिअर समोरच होता, सगळं ऐकत. मॅनेजर हसले. "बरं, बघू. आणि या वेळी पहिल्या पानावर तुझं नाव टाकू. कायम व्हायचंय ना तुला?"

व्हायचंच होतं. दोन वर्षं त्यासाठीच तर घासत होते. डॉक्युमेंट क्लायंटकडे गेलं, त्यावर खरंच माझं नाव होतं, आणि मी मावशींना पेढे नेऊन दिले. आतली पानं उलटली नाहीत. आपणच लिहिलेलं परत कोण वाचतं?

पुढच्याच महिन्यात ठोकळा काढताना क्लायंटचं मशीन भर दुपारी गोठलं. मीटिंगमध्ये ते पान उघडलं, तर इशारा गायब. मी सांगितलं, मी लिहिला होता, इंजिनिअरला विचारा. तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. मॅनेजरनी शांतपणे पहिलं पान पुढे केलं. "नाव कोणाचं आहे?" मला हरभऱ्याच्या झाडावर का चढवलं होतं, ते तेव्हा कळलं. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही.

कंत्राट त्याच दिवशी संपवलं. दुपारीच परतलेली बघून मावशी ओट्यावरून उठल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "चालू कामातनं माणूस आसं वढून काढत्यात व्हय?"

"काढतात, मावशी," मी म्हटलं. "आणि काही बंद पडत नाही."