बाबांच्या झोपेचा पहारा

आमच्या घरात सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू म्हणजे बाबांची झोप. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर होते, आम्ही इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत राहायचो, आणि त्यांना ड्यूटीचा कॉल कधी येईल याचा काही नेम नसायचा. लोकांचे वडील रात्री झोपतात आणि दिवसा कामाला जातात, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आमचे बाबा सकाळी घरी यायचे, डोळे लाल, कपड्यांना तेलाचा वास. भाकरी खायचे, मधल्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. तिथून पुढे घरातला आवाज बंद.

बंद म्हणजे खरोखर बंद. कुकरची शिट्टी नको म्हणून आई भात पातेल्यात शिजवायची. धुणं आपटायचं नाही, नुसतं चोळायचं. दाराच्या कडीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली असायची. भाजीवालीला आमच्या ओळीत ओरडायची मनाई होती, ती बिचारी हातात मेथीची जुडी धरून मुक्यानं उभी राहायची. मी आणि माझी धाकटी बहीण खुणांनी भांडायचो, आणि खुणांनी भांडताना चिमटे फार जोरात काढले जातात. पावसाळ्यात तेवढी जरा मोकळीक असे. इगतपुरीचा पाऊस पत्र्यावर असा काही कोसळायचा की त्याखाली आम्ही काय बोलतोय ते कुणालाच ऐकू जात नसे. ते दोन-तीन महिने आम्ही पोटभर बोलून घ्यायचो.

हे बाबांचे लाड नव्हते, तो रेल्वेचा नियम होता. ड्रायव्हरनं ड्यूटीवर जाण्याआधी पुरेशी विश्रांती घेतलीच पाहिजे, आणि हजर होताना तसं सही करून सांगितलं पाहिजे. बाकीचे नियम इंजिनात पाळायचे असत. सिग्नल दिसला की असिस्टंटनं तो मोठ्यानं पुकारायचा आणि ड्रायव्हरनं स्वतः बघून तोच शब्द परत म्हणायचा. पुढे कुठे रुळांची दुरुस्ती चालू असेल तर तिथे गाडी हळू न्यायची, त्याला कॉशन म्हणत. झोपेचा नियम तेवढा घरात पाळायचा होता. आणि तो पाळायचं काम बाबांचं नव्हतं, आमचं होतं.

त्यासाठी रेल्वेवाले अधूनमधून ड्रायव्हरांच्या बायकांचं शिबिर भरवत. नवरा घरी आला की कटकट करू नका, पाहुणे बोलावू नका, पोरांना बाहेर खेळायला पाठवा, असं सगळं त्यात शिकवत. एका शिबिरात आईला स्टेजवर बोलावलं, कारण बाबांच्या नावावर तोवर एकही चूक लागलेली नव्हती. साहेबांनी विचारलं, तुम्ही काय करता? आई निफाडकडच्या खेड्यातली, माइक बघून घाबरलेली. म्हणाली, "काय नाय साहेब. ते झोपले की मी दारात बसते. कुणाला आत जाऊ देत नाय." टाळ्या पडल्या, आईला स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यात आई कधी काही ठेवत नसे, तो नुसता फळीवर पुढे मांडलेला असायचा.

पुढे मी नाशिकच्या कॉलेजात जाऊ लागले. पास काढलेला, सकाळच्या गाडीनं नाशिकरोड, तिथून सिटीबस. पहिल्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. पाठांतर चोख होतं. पण माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे पोचेना. सर म्हणाले, "घसा बसलाय का गं?" घसा बसलेला नव्हता, लहानपणापासून बसवलेला होता. त्यांनी मला गोडीत खाली बसायला सांगितलं. मला फारसं वाईट वाटलं नाही. आपण कशासाठी हळू बोलतो हे मला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा गर्वही होता. मालगाड्या सुखरूप जातात त्यात माझाही वाटा आहे, असं मी मनात धरून होते. मूर्खच होते.

एकदा शेवटचा तास झाला नाही म्हणून मी नेहमीच्या आधीची गाडी पकडून घरी आले. आमच्या समोरचा रस्ता डांबरीकरणाला घेतला होता, म्हणून मागच्या गल्लीनं निघाले. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कॉलनीतल्या क्लबच्या, भिंतीमागे उंबराखाली चार माणसं पत्ते खेळत बसली होती. त्यात बनियनवर मांडी घालून आमचे बाबा. पहाटेच ड्यूटीवरून आले होते, संध्याकाळपर्यंत परत कॉल येण्यासारखा होता, म्हणजे त्या वेळी मधल्या खोलीत गाढ झोपलेले असायला हवे होते. त्यांनी मला पाहिलं. दचकले नाहीत. ओठांवर बोट ठेवलं आणि हसले.

मी तशीच घरी आले. पुढच्या दारात आई बसलेली, पुढ्यात निवडायची मेथी. मला पाहून तिनंही ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलेत."

"आई, बाबा तिकडं इन्स्टिट्यूटच्या मागं पत्ते खेळतायत."

तिचा हात थांबला नाही. एकेक पान खुडत ती म्हणाली, "म्हाईत हाय मला."

मला वाटलं तिनं नीट ऐकलं नाही. मी परत सांगितलं. ती म्हणाली, "आगं म्हाईत हाय म्हणले ना. मागच्या दारानं जातात. दिवसा डोळ्याला डोळा लागत नाय त्यांचा. सांगायची लाज वाटती, आपण येवढं करतो म्हणून."

"मग तू इथं कशाला बसलीस?"

"आता उठले तर कॉलनीला कळंल ना."

असं किती दिवस चाललंय ते मी विचारलं. लय दिस झाले, म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिनं जोडलं, "कधी कधी झोपतात पण." मी आत जाऊन मधल्या खोलीचं दार ढकललं. चादरीची घडी तशीच होती. मला संताप आला, पण त्या संतापातही मी दार हळूच लावून घेतलं. इतकी सवय झाली होती. त्या खोलीसाठी मी खोकलासुद्धा उशीत तोंड खुपसून खोकले होते.

संध्याकाळी कॉल आला आणि बाबा डबा घेऊन गेले. त्यांची गाडी वाटेत कुठेतरी बाजूच्या रुळावर बराच वेळ अडकून पडली आणि सकाळी मनमाडच्या दिशेनं निघाली. पुढे एका ठिकाणी रुळांचं काम चालू होतं, गँगची माणसं कामाला लागली होती, आणि कॉशनचा कागद निघतानाच बाबांच्या हातात दिलेला होता. जागा आली तसं असिस्टंटनं पुकारलं, "कॉशन." बाबांनी उत्तर दिलं, "कॉशन." डोळे उघडे होते, शब्द बरोबर होता, पण हात ब्रेककडे गेलाच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तोंडानं परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं, आणि त्या तोंडामागचा माणूस झोपलेला होता. असिस्टंटला वाटलं, म्हणाले म्हणजे ऐकलं. तो जोरात ओरडेपर्यंत उशीर झाला. गँगच्या माणसांनी बाजूच्या खडीवर उड्या घेतल्या. एकाचा हात मनगटात मोडला.

बाबांना घरी बसवलं. चौकशी सुरू झाली. तिथं काय चाललंय ते बाबा आम्हाला सांगत नव्हते. पण मला वाटत होतं की ते खरं सांगतील. दिवसा झोप लागत नाही हा काही गुन्हा नव्हे, डॉक्टरकडे पाठवतील, दुसरं काम देतील. एवढी वर्षं आम्ही ज्या माणसासाठी मुके राहिलो तो माणूस निदान तेवढं तरी बोलेल, अशी माझी समजूत होती.

मग एके दुपारी लोको इन्स्पेक्टर घरी आले. बाबांसारख्या काही ड्रायव्हरांवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं, घरी येऊन बायकांना समजावणं हाही त्याचाच भाग. शिबिरात आईसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत ते पुढे होते. बाबा त्यांच्या शेजारी खुर्चीवर बसले. आईनं चहा दिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," साहेब म्हणाले.

"काय झालं साहेब?"

"यांनी चौकशीत सांगितलंय. घरात सारखा आवाज असतो, झोप होत नाही. त्या दिवशीही दिवसभर डोळा लागला नाही म्हणे."

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा बशीतला चहा बघत होते. चिंधी गुंडाळलेली कडी साहेबांच्या पाठीमागेच होती, त्यांनी मान वळवली असती तरी दिसली असती. मला वाटलं, आता आई बोलणार. इतकी वर्षं दारात बसलेली बाई एवढं कसं ऐकून घेईल?

आईनं पदर सारखा केला. म्हणाली, "ही पोरगी मोठ्यानं वाचती, साहेब. कॉलेजचं. परीक्षा हाय तिची. मी सांगते, पण ऐकत नाय."

साहेब माझ्याकडे वळले. माणूस वाईट नव्हता. ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, शिकतेस ते चांगलंच आहे. पण तुझ्या वडिलांच्या झोपेवर किती लोकांचा जीव असतो, कळतं का तुला? त्या गँगमनचा हात मोडला. जरा इकडंतिकडं झालं असतं तर त्याची बायकापोरं उघड्यावर आली असती."

कळतं का तुला, म्हणे. मला बोलता यायच्या आधीपासून कळत होतं. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी मान वर केली नाही. आईकडे बघितलं, ती कपबशा गोळा करायला लागली. खरं, म्हणजे इतके दिवस न झोपता सह्या केल्याचं, सांगितलं असतं तर बाबा इंजिनावरून कायमचे उतरले असते, नोकरीच राहिली नसती तर क्वार्टरही गेलं असतं, माझं कॉलेजही. हे त्या दोघांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं होतं. बाबांनी आईला पुढे केलं, आईनं मला. बहीण शाळेत होती म्हणून वाचली.

"चुकलं साहेब," मी म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोल."

"माझं चुकलं. परत मोठ्यानं वाचणार नाही."

त्या घरात त्या वेळी मी पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात बोलले असेन. साहेबांचं समाधान झालं. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर मी बाबांना विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "तुझं नाव कुठं लिहिणार आहेत ते? दोन शब्द ऐकून घेतलेस, संपलं." आईनं त्या संध्याकाळी माझ्या आवडीचं भरलं वांगं केलं. मला दोनदा वाढलं. मी खाल्लं, कारण भूक लागली होती. पण घास गिळताना मला त्या गँगमनचा हात आठवत होता. त्याला कुणीतरी सांगितलं असेलच, ड्रायव्हरच्या पोरीच्या अभ्यासापायी झालं म्हणून. तो मला शिव्या देत असेल, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

बाबांना शिक्षा बेताची झाली. काही महिने यार्डात शंटिंगला, डबे जोडण्या-सोडण्याच्या कामाला, लावलं आणि मग परत मालगाडीवर घेतलं. परत घेतलं त्याचा आईला फार आनंद झाला, तिनं शेजारी पेढे वाटले. कुणाच्या घरात काय मोडलं होतं ते पेढे खाणाऱ्यांना कुठून कळणार.

परत लाइनवर पहिल्यांदा जायचं होतं त्या दिवशी बाबा जेवून मधल्या खोलीत गेले. आई मेथीची जुडी घेऊन पुढच्या दारात जाऊन बसली. मी सरळ उठले आणि मधल्या खोलीचं दार उघडलं. बाबा आत असताना त्या दारातून असं कुणी कधी गेलेलं नव्हतं. बाबा पलंगावर होते, डोळे टक्क उघडे. माझ्याकडे बघत राहिले.

"झोपतोय," ते म्हणाले.

मी तिथून हलले नाही. बाहेरून आईनं दबक्या आवाजात मला हाक मारली, मी ओ दिली नाही. बऱ्याच वेळानं बाबांनी डोळे मिटले. मी त्यांच्या छातीकडे बघत उभी राहिले, श्वास संथ झाला का ते पाहत. ते झोपले होते की मला घालवण्यासाठी नुसते पडले होते, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. संध्याकाळी ते विश्रांती झाल्याची सही करून गाडी घेऊन गेले.