सुटला आणि सोडला

कोर्टाच्या भाषांतर विभागात त्यांना सगळे डिक्शनरीबाई म्हणायचे. चहाचा कप हातात घेऊन कोणी ना कोणी त्यांच्या दारात उभं असायचंच.

"बाई, 'सिन्स' लावू की 'फॉर'?" कारकून विचारायचा.

"कधीपासून ते सांगायचं असेल तर सिन्स, किती दिवस ते सांगायचं असेल तर फॉर. आणि रजेचा अर्ज असेल तर काहीही लाव, साहेब नाहीच म्हणणार."

सव्वीस वर्षं त्या लोकांच्या जबान्या इंग्रजीत उतरवत होत्या. घरी एकट्याच, शब्द हाच त्यांचा गोतावळा. त्यांच्या कागदावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

एका दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आली. पिशवीतून घड्या पडलेला इंग्रजी कागद काढून तिनं टेबलावर ठेवला. चार वर्षांपूर्वी रस्ता ओलांडताना तिची धाकटी मुलगी ट्रकखाली गेली होती. नवऱ्यानं तिच्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला आणि कोर्टानं थोरलीला त्याच्याच ताब्यात दिलं.

"शेजारच्या शिक्षिकेनं हे वाचून दाखवलं," ती म्हणाली. "मी जबानीत सांगितलं होतं, हात सुटला. इथं 'हात सोडला' असं लिहिलंय म्हणे. ताई, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असतो का हो?"

कागदाच्या तळाशी डिक्शनरीबाईंचीच सही होती. 'स्लिप्ड' लिहायच्या जागी त्यांनी 'लेट गो' लिहिलं होतं. त्या दिवशी टेबलावर ढीग असेल, डोकं दुखत असेल. आता काही आठवत नव्हतं. 'हो, एकच असतो' म्हटलं असतं, तर ती निमूट निघून गेली असती.

"नाही," बाई म्हणाल्या. "दोन वेगळे आहेत. चूक माझी आहे."

ती ओरडली नाही. समोरच्या खुर्चीवर बसली. "निकाल लागल्यापासून मी रोज स्वतःलाच विचारतेय, खरंच सोडला होता का मी?"

"कशाला पायावर धोंडा पाडून घेता?" साहेबांनी समजावलं. "आठ महिन्यांनी रिटायर व्हाल." बाईंनी तरी स्वतःच्या हातानं कबुली लिहून दिली. चौकशी बसली. भाषांतराचं काम गेलं, आवक-जावक रजिस्टर पुढ्यात आलं. दारात कोणी येईनासं झालं.

कोर्टानं जबानी दुरुस्त केली. पण थोरली आता चौदा वर्षांची झाली होती. "मला बाबांकडेच राहायचंय," असं तिनं न्यायाधीशांना सांगितलं. आईला महिन्यातून एक तास भेटीची परवानगी मिळाली.

पहिल्या भेटीला बाई बाहेर कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. वीस मिनिटांतच मुलगी बाहेर आली आणि कोणाकडे न बघता बापामागोमाग जिना उतरून गेली. आई सावकाश येऊन बाईंच्या शेजारी टेकली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कागद बदलला तर मी काय करू? मला तर घरी रोज 'हात सोडला' हेच ऐकवलंय." मग ती म्हणाली, "पण पुढच्या महिन्यात येते म्हणालीय."

शिपाई दारं लावायला येईपर्यंत दोघी तिथंच बसून होत्या.