भाल्यापुढं ताठ

काल साताऱ्यात भाचीनं थ्रीडी सिनेमाचा चष्मा हातात ठेवला. त्याला स्पिरिटचा वास होता. त्या वासानं मला सांगलीचं जुनं थिएटर आठवलं; तिथंही चष्मे स्पिरिटनं पुसून देत.

मला पाहायला आलेल्या मुलाच्या घरच्यांनी, शहरी थाट दाखवायला, मला आणि मामीला तिथं थ्रीडी सिनेमाला नेलं होतं. थ्रीडीला दोन्ही डोळे लागतात; माझा डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळं पडद्यावरचं काहीच माझ्या अंगावर येत नाही. मामीनं बजावलं होतं, "समदी वाकली की तू बी वाक. डोळ्याचं कळलं तर स्थळ जाईल."

पडद्यावरून भाला आला. अख्खं थिएटर वाकलं. मुलाच्या आईचं कपाळ पुढच्या खुर्चीवर आपटलं. मामीनं मला कोपरानं ढोसलं, पण न दिसलेल्या भाल्याला भ्यायचं मला जमेना. मी ताठ बसून राहिले.

"भ्या न्हाई वाटलं?" मुलानं विचारलं.

"मला सपाटच दिसतंय. डावा डोळा अधू हाय."

त्याची आई कपाळ चोळत म्हणाली, "असल्या डोळ्याची सून आमाला न्हाई चालायची."

"आवं, तुमचं दोन्ही डोळं चांगलं हायत, तरी कपाळ आपटलंच की."

स्थळ मोडलं. त्या उद्धटपणाची मला तेव्हा वर्षभर लाज वाटली. आता वाटतं, ते जरा मोठ्यानं बोलायला हवं होतं.