दानशूराचा हात

डासांना रक्त पाजण्याला पराक्रम म्हणण्याइतका निर्लज्जपणा फार थोड्या माणसांत असतो. दानशूरात तो होता. डासांच्या पैदास केंद्रातल्या भांडारात बसून जाळ्या, बाटल्या आणि साबण काढून देणे हे त्याचे पगारी काम. परंतु आठवड्यातल्या काही सकाळी तो बाही कोपराच्या वर गुंडाळून पिंजऱ्यांच्या खोलीत जाई, आणि त्या सकाळींच्या जोरावर उरलेला सारा वेळ केंद्रावर उपकार करीत असल्यासारखा वावरे. नाव त्याला सहकाऱ्यांनी थट्टेने ठेवले होते. थट्टा कळायला स्वतःविषयी थोडी तरी शंका असावी लागते. ती त्याच्यापाशी नसल्यामुळे त्याने ते नाव बिरुदासारखे धारण केले.

देण्याची हौस त्याला जुनीच. मात्र आयुष्यात त्याने जे जे दिले ते ते चार माणसांदेखत दिले. धाकट्या भावाला त्याने एकदा खुर्ची दिली. तिचा एक पाय मोडका होता, पण ती दिल्याची हकिगत पुढे इतकी वर्षे चालली की भावाने अखेर ती खुर्ची परत आणून दारात ठेवली. बायकोच्या आजारपणात त्याने रात्री जागवल्या त्या पाहुणे घरात असेपर्यंत. पाहुणे गेले आणि त्याला झोप आली.

केंद्रात चालणारे काम मात्र थट्टेचे नव्हते. शहरात दरवर्षी येणारा हाडफोड ताप एका विषाणूमुळे येतो आणि तो विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते ती डासाची मादी. केंद्रातल्या डासांच्या शरीरात एका जिवाणूने बिऱ्हाड थाटलेले होते. हा भाडेकरू घरात असला की तापाच्या विषाणूला तिथे हातपाय पसरता येत नाहीत. आईकडून अंड्यात आणि अंड्यातून लेकीत असा तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. असल्या डासांची अंडी पेट्यांत घालून एखाद्या गल्लीत टांगली, की तिथल्या डासांशी त्यांची सोयरीक जमते आणि काही महिन्यांत त्या गल्लीतला डास चावत राहतो, पण ताप वाहून नेण्याच्या लायकीचा उरत नाही. अट एकच, अंड्यात तो जिवाणू असला पाहिजे. नसला, तर आपण त्या गल्लीला आणखी थोडे डास भेट दिले, एवढाच त्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ.

मादीला अंडी घालायला रक्त लागते. केंद्र लहान, यंत्रे तुटपुंजी. म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात सरळ माणसाचा हात घालीत. ह्या डासांच्या अंगी कोणताही रोग नसे, त्यामुळे हात देणाऱ्याला खाज सुटण्यापलीकडे काही होत नसे. त्याने पाळायचा नियम एकच होता: औषध घेतले असेल तर सांगायचे. जंतू मारणारे औषध माणसाच्या रक्तातून डासाच्या पोटात जाते आणि तिथे ते गुणी जिवाणू आणि अवगुणी जिवाणू असा भेद करीत नाही. डासांचे नमुने तपासणीला दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जात आणि निकाल येईपर्यंत अंडी गल्लीत पोचलेली असत. तेव्हा मधल्या काळात सगळे केंद्र उभे होते ते एका प्रश्नावर. पिंजऱ्याच्या तोंडाला शिवलेली कापडी बाही सोडण्यापूर्वी केंद्रप्रमुख मॅडम विचारीत, "औषध काही?" आणि हात देणारा उत्तर देई.

हात देणारे दोघे होते, दानशूर आणि केंद्राचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर दानशूराच्या मते अगदीच सामान्य माणूस होता, कारण तो हात घालायचा, काढायचा, साबणाने धुवायचा आणि गाडी पुसायला निघून जायचा. एके सकाळी मॅडमनी विचारताच तो म्हणाला, "दाढ सुजली होती मॅडम. डॉक्टरने अँटिबायोटिक दिलंय."

"मग घरी बसा. औषध संपल्यावरही काही आठवडे हात नको. सांगितलंत ते बरं झालं."

दानशूराने भांडाराच्या खिडकीतून हे ऐकले. दुपारी डबा खाताना तो ड्रायव्हरला म्हणाला, "अरे, स्वतःच्या दाढेपायी मान घालवलास की!"

"कसला मान? खाजवून खाजवून सालटी निघतात."

"तुला नाही कळायचं. देणाऱ्याचं रक्त असावं लागतं."

"माझं काय उसाच्या रसाचं आहे?" ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले. दानशूरही हसला. आपण मोठ्या मनाने हसलो, असे त्याला वाटले.

आता साऱ्या पिंजऱ्यांची भिस्त त्याच्या एकट्याच्या हातावर आली. ह्या बढतीने तो घरात दुःसह झाला. बायकोला तो सांगे, "अगं, साय माझ्यासाठी ठेव. मी आता एका जिवाचा राहिलो नाही." हे वाक्य खरे तर त्याच्या मुलीने म्हणायचे. तिला दिवस गेले होते, आणि उन्हाच्या काहिलीत थोडे दिवस आईकडे येऊन राहावे असे तिने सुचवले होते. दानशूराने नकार दिला. मधली खोली त्याच्या विश्रांतीची होती. रक्त भरून यायला शांतता लागते.

त्याच सुमारास त्याच्या मांडीला गळू झाले. गळवाला मानसन्मान कळत नाही. भांडारातल्या लाकडी स्टुलावर तो एका कुशीवर कलून बसू लागला. त्याचा मेहुणा औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राही. त्याने पाहिले आणि कॅप्सूलची पट्टी पुढे केली.

"भावोजी, ह्यानं बसेल. पण कोर्स पुरा करा."

"ह्याचा रक्तावर काही परिणाम?"

"रक्तातूनच तर काम करतं ते. का हो?"

"काही नाही. सहज."

म्हणजे त्याला ठाऊक होते. पुढे त्याने कितीही वेळा 'मला काय कल्पना' असे म्हटले, तरी त्या गल्ल्यापाशी त्याने तो प्रश्न विचारला होता, आणि उत्तर ऐकून पट्टी खिशात घातली होती. अज्ञान हे पुष्कळ अपराधांवरचे पांघरूण असते. ह्या माणसाने ते स्वतःच्या हाताने बाजूला सारले आणि नंतर थंडी वाजली तेव्हा ते शोधू लागला.

दुसऱ्या सकाळी मॅडमनी विचारले, "औषध काही?"

"पाण्याशिवाय काही नाही," दानशूर म्हणाला आणि हात पिंजऱ्यात घातला. माद्या दंडापासून मनगटापर्यंत काळ्या तिळांसारख्या बसल्या आणि फुगून तांबड्या झाल्या. आपल्या पोटातल्या भाडेकरूवर काय संक्रांत आली हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला कळत होते तो छताकडे पाहत हसत होता.

गळू बसले, पुन्हा वर आले. पट्टीमागून पट्टी आली. तेवढ्या अवधीत पिंजऱ्यांत एक पिढी सरली, तिच्या लेकी उडू लागल्या, त्यांनीही त्याच हातावर पोट भरले. दरवेळी तोच प्रश्न आणि तेच पाण्याचे उत्तर. खोटे बोलण्याचे कारण इतके क्षुल्लक होते की ते लिहायलाही संकोच वाटतो. अंडी वाटण्याचा जाहीर कार्यक्रम ठरला होता, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार येणार होता, आणि पिंजऱ्यात हात घातलेला माणूस त्या छायाचित्राच्या मध्यभागी असणार होता. तो हात ड्रायव्हरचा असावा ही कल्पना दानशूराला गळवाहून अधिक ठणकत होती.

कार्यक्रमाच्या आधी मॅडमनी गल्ल्यांची नावे सांगितली. पहिल्याच गल्लीत दानशूराची मुलगी राहत होती.

त्या गल्लीत गेल्या साली शिलाईचे दुकान चालवणारी एक तरुण बाई तापाने गेली होती. मुलगी तिच्या शेजारच्या घरात राही. आणि गरोदर बाईला तो ताप आला तर काय होते, हे केंद्राच्याच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले होते. दानशूर रोज त्याखाली बसून डबा खाई.

माणसातली माणुसकी जागी व्हायला आपले मूल धोक्यात यावे लागते, हे काही नवल नाही. नवल हे, की ती जागी होऊनही कूस बदलून पुन्हा झोपू शकते. दानशूर घाबरला हे खरे. पण मॅडमच्या खोलीकडे वळण्याऐवजी तो टेम्पो ठरवून मुलीच्या दारात गेला आणि म्हणाला, "चल. बाळंतपण होईपर्यंत घरी राहा."

"आणि मधली खोली? तुमचं रक्त कुठे भरून येणार?"

"चेष्टा नको. चल म्हटलं ना."

मुलगी आली. टेम्पोत तिचा पलंग होता, शिलाईचे यंत्र होते, आणि सगळ्या वाटेवर बापाचा एक अवाक्षरही न बोलणारा चेहरा होता. हा माणूस कधी गप्प बसत नसे, हे तिच्या जन्मापासूनचे ज्ञान. स्वयंपाकघरात पाट घेऊन बसल्यावर तिने विचारले, "बाबा, एवढी घाई कशाची?"

"गल्लीत डास फार आहेत तुमच्या."

"परवा तर तुमचे चांगले डास येतायत ना? मग आता राहायला हवं मी तिथे. तुमचंच रक्त प्यालेत. ओळख दाखवतील."

आई हसली. बाप हसला नाही.

"तू वाद घालू नकोस. ती अंडी... म्हणजे पहिल्या खेपेला भरवसा धरता येत नाही."

"कालपर्यंत तर सगळ्या जगाला सांगत होतात की अंडी नव्हेत, मोती आहेत."

"अगं, मोती काय नि..."

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय तुमचं. काय केलंत?"

तेव्हा बायको, जिला नियम कोणी कधी सांगितलाच नव्हता, भाजी चिरताचिरता सहज म्हणाली, "गळवानं त्रासलेत गं. माझ्या भावानं त्या कॅप्सूल दिल्यात, किती दिवस झाले, काही गुणच नाही."

मुलीने हातातला पेला खाली ठेवला. पिंजऱ्यापाशी विचारला जाणारा तो एक प्रश्न तिने बापाच्या तोंडून नक्कल करून सांगितलेला अनेकदा ऐकला होता. "औषध काही?" ती हळूच म्हणाली.

दानशूराने तेव्हा जे केले त्यात त्याचे सगळे चरित्र आले. तो रागावला नाही, रडला नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, तू इथे आहेस ना? मग झालं की. फोटो होऊ दे. मग मी स्वतः मॅडमना सांगतो. शांतपणे. योग्य वेळी."

"आणि माझ्या समोरच्या घरातली तान्ही पोर? तिलाही टेम्पो पाठवताय का?"

तो म्हणाला, "साऱ्या जगाचा मक्ता मी घेतलेला नाही." दानशूर म्हणवून घेणाऱ्या माणसाने उच्चारलेले ते बहुधा पहिलेच खरे वाक्य असावे.

सकाळी ती पोट सावरीत केंद्रावर चालत गेली. बापाने दारापर्यंत येऊन "ऊन लागेल" एवढे म्हटले.

मॅडमनी तिचे सगळे ऐकून घेतले, तिला पाणी दिले, आणि अंडी चिकटलेल्या कागदी पट्ट्या स्वतः उकळत्या पाण्यात सोडल्या. पिंजरे रिकामे केले. ड्रायव्हरच्या हातावर वाढलेल्या जुन्या पिढीची वाळवून ठेवलेली अंडी कपाटात होती. ती पाण्यात घालून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे ठरले. कार्यक्रम पुढे गेला. प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा नमुन्यांत जिवाणूचा मागमूस नव्हता. पण तोवर तो वाचण्याची कोणाला घाई उरलेली नव्हती.

दानशूराला बोलावणे आले. तो तयारीनेच गेला होता.

"मॅडम, इतकी वर्षं रक्त दिलं मी. थेंब थेंब. त्याची काहीच किंमत नाही?"

मॅडम हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"रक्त मी कत्तलखान्यातूनही आणू शकते. तुमच्याकडून मला एक शब्द हवा होता. तो तिथे मिळत नाही, म्हणून माणूस ठेवला होता."

"चूक एकदा..."

"एकदा नव्हे. मी दरवेळी विचारलं होतं. जा, साबण मोजा."

तो साबण मोजू लागला. नोकरी गेली नाही. सरकारी कामात भांडारातल्या माणसाने काय केले तर नोकरी जाते, हे अजून कोणी पाहिलेले नाही. नाव मात्र गेले. कोणी मुद्दाम काढून घेतले नाही; लोकांनी त्याला थट्टेने हाक मारणेही सोडून दिले, आणि बिनथट्टेचे त्याच्यात हाक मारण्याजोगे काही सापडले नाही. त्याने शेजारीपाजारी सांगून पाहिले की मॅडमनी त्याच्या रक्ताचे डास उकळून मारले, कृतघ्न बाई. शेजाऱ्यांनी ऐकले. एकाने विचारले, "मग आमच्याकडे चांगले डास कधी येणार?"

ते आले. पेटी टांगायच्या दिवशी मुलगी आपल्या घरी परत गेली होती. तिने स्टुलावर चढण्याचा हट्ट केला, ड्रायव्हरने स्टूल धरून ठेवले, आणि पेटी तिने स्वतःच्या हाताने ओसरीच्या आढ्याला अडकवली. छायाचित्रात तिचे पोट, पेटी आणि ड्रायव्हरचा खाजवता खाजवता मध्येच थांबलेला हात एवढेच आले. आई मुलीजवळ राहायला गेली. बाळंतपण होईपर्यंत तिथेच राहीन, असे तिने निघताना सांगितले. ते तिने विचारले नाही.

मधल्या खोलीत आता हवी तितकी शांतता होती. एका संध्याकाळी दानशूर खुर्चीत बसला होता. ती भावाने परत आणून ठेवलेलीच. पायाखाली वीट होती. उघड्या दंडावर एक डास येऊन बसला. जुन्या सवयीने हात जागच्या जागी स्थिर झाला, बोटे किंचित उघडली, चेहऱ्यावर ते छताकडे पाहणारे हसू देखील आले. डासाने सोंड टेकवली.

दानशूराने मान वळवून दाराकडे पाहिले, मग खिडकीकडे. पाहणारे कोणी नव्हते.

त्याने चापट मारली.