दुपारी एक ते तीन बंद

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं नाही. एक दाढ तेवढी तुकोगंजातल्या डॉक्टरांना काढू दिली, तीही आधी त्यांच्या खुर्चीची कुरकुर बंद करून. केस ते दोन आरसे समोरासमोर टांगून स्वतःच कापत, त्यामुळे मानेवर कायम एक पायरी दिसे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी घरीच लाकडी ठशांनी छापल्या आणि निम्म्या पाहुण्यांना नवरदेवाचं नाव शाईत बुडालेलं मिळालं. तरी आमची ही म्हणायची, "जिजाजींच्या हाताला काय सफाई आहे नाही!" आमचा बिघडलेला मिक्सर माझ्या डोळ्यांदेखत पिशवीत बसून त्यांच्याकडे जायचा. मला तो दुरुस्त करता आला नसताच. पण एकदा विचारायला काय हरकत होती?

आम्ही दोघं परदेशीपुऱ्यातल्या एकाच मिलमध्ये होतो. ते रंगखात्यात मास्तर, मी हजेरी लिहिणारा कारकून. मिल बंद पडली तेव्हा जो तो म्हणत होता, आता सगळं बाहेरून येणार. साडू म्हणाले, "आने दो भिया, आपण घरी करू." आम्ही दोघांनी भागीदारीत सुती साड्यांचं दुकान काढलं आणि पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे झाले तेव्हा इंटरनेटवरही विकायचं ठरलं. पन्नाशी उलटलेल्या साडूंनी एक उशीएवढं पुस्तक आणलं आणि अख्खी वेबसाइट स्वतः लिहून काढली. ती त्यांच्या घरच्याच कॉम्प्युटरवर चालायची, म्हणून ते जेवून आडवे झाले की तीही आडवी व्हायची. पडद्यावर पाटी येई, 'दुपारी एक ते तीन बंद'. मी म्हणालो, "अहो, अमेरिकेतल्या बायका तेव्हाच जाग्या असल्या तर?" म्हणाले, "तिकडे तेव्हा मध्यरात्र असते. झोपू दे की त्यांना." वेबसाइटवरच्या खरेदीच्या टोपलीत दोन साड्या टाकल्या तर कधीकधी तीन निघत, ते वेगळंच.

पण त्या वेबसाइटवर शोधायची एक चौकट होती. तिच्यात बायका रंगाचं नाव जसं घरात बोलतात तसं लिहीत, वांगी, तोतापंखी, गाजरी, गव्हाळ, आणि नेमकी तीच साडी समोर येई. रंगखात्यातल्या पंचवीस वर्षांत डोळ्यात साठलेली एकूण एक छटा साडूंनी त्या यंत्राला शिकवली होती. कुठून कुठून ईमेल येत, 'काकांना नमस्कार'. काका म्हणजे ते. भागीदार म्हणून खाली माझंही नाव होतं. मला एकीनेही कधी नमस्कार लिहिला नाही.

काम बाहेरच्या कंपनीला द्यावं, असं मी म्हणू लागलो. कारणं खरी होती, पण ती माझी कारणं नव्हती. कंपनीचा इंजिनिअर सकाळी वेबसाइट तपासून दुपारी दुकानात आला, तेव्हा साडू घरी झोपले होते. तो म्हणाला, "अंकलजी, टोकरी, पेमेंट, सब हमारे पास रेडीमेड है. पर ये रंगवाली चीज हमसे नहीं बनेगी. इसको रहने दो, हम जोड़ लेंगे."

संध्याकाळी मी साडूंना सांगितलं, "ते म्हणतात, तुमचं काहीच चालणार नाही. सगळं काढावं लागेल."

"रंगसुद्धा?"

"रंगसुद्धा."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण काढेन मीच." तीन दिवस बसून त्यांनी एकेक रंग स्वतःच्या हाताने पुसला. मी रोज चहा घेऊन जात होतो, थांबा म्हणालो नाही.

नवी वेबसाइट चकचकीत होती, चोवीस तास जागी असायची आणि तिला सतराच रंग ठाऊक होते. काही दिवसांनी एका बाईंची ईमेल आली. माहेर जवळच्याच सांवेरचं, आता राहायला फार लांब. 'सोयाबीन वाळायला लागल्यावर शेताचा होतो तो रंग हवाय. आधी मिळाला होता, आता काही सापडलं नाही असं येतं. काका आहेत ना?' मी ती पुसून टाकली. दुकान पुढे हळूहळू मिटलं. बाजार बदलला, असं मी सगळ्यांना सांगत आलो, आणि साडूंनी ते मान्य केलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या ओट्यावर बसून मी हे सगळं त्यांना सांगितलं. इंजिनिअर काय म्हणाला होता, मी काय सांगितलं, त्या बाईंची ईमेल, सगळं. ते रागावतील म्हणून मी चपला पायातच ठेवल्या होत्या. साडू मग म्हणाले, "सोयाबीनच्या पानांचा म्हणाली, की शेंगांचा? दोन्हींत फार फरक असतो."

तेवढ्यात मला जाणवलं, की इतक्या वर्षांनी, या घडीलासुद्धा, मला त्यांचा हेवाच वाटतो आहे.

"आठवून बघा," ते म्हणाले. "वाट बघत असेल ती."