‘पोहता येतं का?’ चा रकाना
जानेवारीतला रविवार होता, वर्गणी पाचशे रुपये होती, आणि अमरावतीबाहेरच्या तलावावर, सुरक्षित नौकाविहार शिकवणाऱ्या स्वयंसेवी मंडळाच्या टेबलाशी आम्ही तिघं होतो: शिकवणारे सर, दर्यापूरची एक शिक्षिका आणि मी. अर्जात ‘पोहता येतं का?’ असा रकाना होता. तिने ‘नाही’ लिहिलं. “तुमी वलगावचे, विहिरीतच शिकले असान,” सर मला म्हणाले, आणि हिशेबातला प्रत्येक आकडा दोनदा तपासणाऱ्या मी ‘हो’ लिहिलं. म्हणून त्यांनी तिला माझ्या होडीत बसवलं. छातीभर पाण्यात होडी उलटवायचा सराव होता. नाकात पाणी गेलं, ओल्या लाइफ जॅकेटचा रबरी वास आला, आणि मी तिच्या खांद्यावर चढलो. ती दोनदा पाण्याखाली गेली. “भाऊ, सोडा मले, मी बुडून राहिली!” ती ओरडली, तरी तिनेच माझी कॉलर धरून मला होडीच्या कडेला लावलं. “काहून घाबरले हो एवढे?” काठावर सरांनी विचारलं. मी बोलायच्या आधी तीच खोकत म्हणाली, “पायात गोळा आला असन त्यायच्या.” मी म्हणालो, “हो, गोळाच आला.” तिचा चष्मा तळाला गेला होता. पुढच्या रविवारी त्याचे अठराशे रुपये मी तिच्या हातावर मोजून ठेवले. गोळा आला नव्हता, मला पोहताच येत नव्हतं, हे आज चार वर्षांनीही तिला सांगितलेलं नाही.