दोन अंगांची नाव

गल्लीच्या तोंडाशी गाद्या-सोफ्यांचं एक दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे कप्तान म्हणतात. ज्याचं अर्धं आयुष्य फोम कापण्यात आणि जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवण्यात गेलं, त्याला ही पदवी लोकांनी प्रेमाने दिली की टवाळीने, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर एका नावेचं चित्र दिसतं. नेहमीची शिडाची नाव नव्हे. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर मिळून एकच घर बांधावं, तशी. तिला कॅटमरान म्हणतात. कप्तानाला ती घ्यायची होती आणि उतारवय तिच्यावरच काढायचं होतं. आज या बंदरात, उद्या त्या.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," त्याची थोरली बहीण म्हणायची. "हा तर जन्मभर अंथरुणंच शिवतोय, तरी याला कळत नाही."

नवरा कप्तान, म्हणून बायकोला गल्लीने ओघानेच कप्तानीण केलं. सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ही बाई. घरात दूरचा पाहुणा यावा आणि कायमचा राहून जावा, तसं ते स्वप्न तिच्या संसारात राहत होतं. त्याला जागाही पुष्कळ लागे. उरलेल्या फोममधून आणि कापडाच्या तुकड्यांतून कप्तानाने त्या न घेतलेल्या नावेसाठी गाद्यांचा अख्खा संच शिवला होता. पायाशी निमुळत्या, एक कोपरा छाटलेल्या, एका बाजूने गोलाई दिलेल्या. घरातल्या एकाही पलंगावर त्या बसत नव्हत्या. पाहुणे आले की खाली अंथरायच्या, एवढाच त्यांचा उपयोग. एकदा थोरल्या नणंदबाई अशाच एका गादीच्या छाटलेल्या कोपऱ्यावर टेकायला गेल्या आणि थेट जमिनीवर आल्या.

"वहिनी, तुझ्या नवऱ्याच्या नावेतून पहिली मी बुडाले बघ," बसल्या जागेवरून त्या म्हणाल्या.

कप्तानीण तेव्हा पोट धरून हसली होती. पण रात्री देवाशी बोलताना तिच्या मनात एक काटा नेहमी सलायचा. या माणसाला घरात काय कमी आहे? दोन खोल्या आहेत, सावली आहे, मी आहे. मग याचा जीव सारखा बाहेर पळायला का बघतो? हे तिने देवाला कितीदा विचारलं, नवऱ्याला मात्र कधी नाही. तो खरं सांगेल, याचीच तिला धास्ती होती.

खाडीच्या काठी होड्या दुरुस्तीला ओढून ठेवतात, तिथे एक काका आपल्या शिडाच्या नावेवर एकटेच राहायचे. नाव साधी, एका अंगाची. बायको गेल्यावर त्यांनी घर सोडलं आणि नावेलाच घर केलं. आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मुलीकडे कायमचे निघाले होते. जाण्यापूर्वी नावेतल्या गाद्या नव्या करायचं काम त्यांनी कप्तानाला दिलं. गाद्या तयार झाल्या तेव्हा एका माणसाला त्या उचलवेनात, म्हणून कप्तानीण सोबत गेली.

कप्तान खाली नावेच्या पोटात गाद्या बसवत होता. काका वर तिच्याशी बोलत बसले.

"तुमच्यापायी माझी नाव पडून आहे, माहीत आहे का?"

"माझ्यापायी?"

"कितीदा म्हटलं याला, तूच घे. झेपेल तसं दे. दुसऱ्या कुणाला द्यायला माझं मन होत नाही. तर म्हणतो, बायकोला पाणी मानवत नाही. एका अंगाची नाव वाऱ्यावर कलते, तिला चक्कर येते. दोन अंगांची सपाट चालते. घेईन तर तीच, नाहीतर नाही." काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "दोन अंगांची म्हणजे केवढ्याचं काम. सात जन्म सोफे शिवले तरी जमायचं नाही. एवढं ज्याला कळतं, त्याने हट्ट कशाला धरावा?"

आपल्याला पाणी मानवत नाही? आणि मग कप्तानिणीला आठवलं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोघं फेरीबोटीने पलीकडच्या गावी निघाली होती. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. तिने देवाला बोलून निर्जळी उपास धरला होता, आणि नवस बोलून दाखवला तर फळत नाही म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. भर उन्हात बोटीवर तिला भोवळ आली, कडू पाणी उलटून पडलं, तिने नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकली. त्याने तिला उचलून उतरवलं होतं. सासूबाईंना दिसू लागलं, नवस फिटला, आणि ती ते विसरूनही गेली. तो विसरला नव्हता.

घरी आल्यावर जेवताना तिने विषय काढला.

"काकांची नाव नको म्हणालात म्हणे."

"लहान आहे."

"माझ्यामुळे नको म्हणालात."

कप्तानाने पानातली भाजी उगाच इकडची तिकडे केली. "तुझी काय दशा झाली होती ते मी पाहिलंय. परत नाही बघायची मला."

"अहो, त्या दिवशी माझा निर्जळी उपास होता. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता पोटात. मी बसमध्ये असते तरी पडले असते."

त्याचा घास हातातच राहिला. "कसला उपास?"

"तुमच्या आईच्या डोळ्यांसाठी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नवस सांगायचा नसतो. आणि नंतर तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही ठरवूनच टाकलंत."

"मी इतकी वर्षं दोन अंगांची, दोन अंगांची म्हणतोय, ते का, असं तुला कधी वाटलं नाही?"

"मला वाटलं, माणसाला मोठ्या गोष्टींची हौस आहे."

यावर तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. हात धुऊन दुकानात जाऊन बसला.

तिनेच काकांना निरोप धाडला. रविवारी ती पोटभर जेवली आणि नवऱ्याला घेऊन नावेवर चढली. काकांनी शीड उभारलं. वारा भरताच नाव एका कुशीवर वळली. घराची भिंत कलावी तशी पायाखालची सगळी फळी कलली. तिने कठडा धरला, देवाचं नाव घेतलं. पण डोकं ठिकाणावर होतं. गार वाऱ्याने उलट तिला बरंच वाटू लागलं. कप्तान मात्र समुद्राकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे तिच्या तोंडावर.

"माझ्याकडे काय बघताय? समोर बघा."

त्याने मान वळवली. तेव्हा तिला त्याचा हात दिसला. दोरी त्याने इतकी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

त्यानंतरचे दिवस कप्तान कॅटमरानचेच गुण गात राहिला. तिच्यावर फिरायला जागा असते, तिच्यात वारा खेळतो, ती उथळ पाण्यातही जाते. काकांचं जाणं दोन दिवसांवर आलं. त्याने हो म्हटलं नाही, तर नाव एक व्यापारी मोडीत काढायला नेणार होता. शेवटी कप्तानीण दुकानात आली आणि फोमच्या ढिगावर बसली.

"ती मोठीच तुमच्या मनात असेल तर थांबू या. मी आडवी येणार नाही. पण आता माझं नाव पुढे करू नका."

तो एका खुर्चीच्या पाठीला कापड ताणत होता. ते त्याने सैल सोडलं.

"न मिळणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही गं," तो म्हणाला. "ती नाव मी या भिंतीवर इतकी वर्षं चालवली. कधी बुडाली नाही."

तिच्या मनात टोमणा तयार होता. तो तिने गिळला आणि भलतंच विचारून बसली.

"मला सांगा, तुम्हाला या घरातून सुटायचंय का?"

"सुटायचं?" त्याने वर पाहिलं. "तुला मागे ठेवून जायचं असतं, तर एका अंगाची केव्हाच घेतली असती."

कप्तानिणीने पदराने डोळे पुसले. फोमचा भुगा गेला, असं म्हणाली. दुकानात भुगा होता हे खरंच आहे. देवाला इतकी वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घरातच होतं. ज्याला विचारायचं त्याला सोडून तिने तो प्रश्न वरिष्ठांकडे नेला होता. तिथून तो परत खालीच आला.

संध्याकाळी दोघं खाडीवर गेली. काका भांडीकुंडी बांधत होते. कप्तान नावेच्या पोटात उतरला, झोपायच्या फळीवर बसला, मग आडवा झाला.

"काका, नाव कलली की चहा कुठे ठेवता?"

"ठेवायचा कशाला? हातात धरायचा."

"आणि झोपेत माणूस घरंगळत नाही?"

काकांनी फळीच्या कडेला बांधलेलं जाड कापड ओढून वर केलं. पाळण्याच्या कठड्यासारखं ते झोपणाऱ्याला अडवत असे. एका बाजूने उसवलं होतं आणि दाभणाने कसंबसं टाचलेलं होतं.

कप्तानाने ते बोटांत धरून पाहिलं. "हे कुणी शिवलंय?"

"मीच."

"तरीच." त्याने खिशातून टेप काढली. "हे चालायचं नाही. दुसरं शिवावं लागेल. पलीकडच्या फळीलाही एक."

"अरे, मी परवा चाललो. मला कशाला आता?"

"तुमच्यासाठी नाही," कप्तान म्हणाला, आणि टेपचं एक टोक त्याने बायकोपुढे धरलं. तिने ते फळीच्या कडेला घट्ट दाबून धरलं.